फोल्डरला ‘बाकी’ कळत नाही: क्लायंटचे कागद शेअर्ड फोल्डरमधून मागणी-यादीवर कसे आणायचे

शेअर्ड फोल्डर उघडला की त्यात काय आलंय ते दिसतं. काय यायचं राहिलंय ते कुठेच दिसत नाही. ते कोणाच्या तरी डोक्यात असतं, नाहीतर टेबलावरच्या वहीत. ती व्यक्ती रजेवर गेली, की ‘यांचे सगळे कागद आले का?’ एवढ्या साध्या प्रश्नासाठी दुसरं कोणीतरी फोल्डर उघडून एकेक फाइल बघत बसतं.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर फोल्डरला फक्त जमेची बाजू असते. येणं लिहायला त्यात जागाच नसते. कागद गोळा करायची शिस्तशीर पद्धत म्हणजे ही येण्याची बाजू लिहून काढणं: कोणत्या क्लायंटकडून कोणता कागद हवा, कोणत्या काळाचा, कधीपर्यंत, आणि तो आज कुठल्या टप्प्यावर आहे. आवक रजिस्टरमध्ये कागद आल्यावर ओळ लिहितात. इथे कागद यायच्या आधीच त्याची ओळ तयार असते आणि तो आला की त्या ओळीवर बसतो.

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी पोर्टल (कागद मागायची आणि घ्यायची ऑनलाइन जागा) घेतलं जातं, मग सगळे फोल्डर उचलून त्यात ओतले जातात, आणि महिनाभराने लक्षात येतं की जुनाच पसारा आता नव्या पत्त्यावर आहे. फाइली हलवणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. वेळ लागतो तो यादी बनवायला, आणि तो तिथेच घालवावा.

फोल्डर कुठे फसतो

एका क्लायंटचा फोल्डर दोन वर्षांनी साधारण असा दिसतो: ‘स्टेटमेंट.पीडीएफ’, ‘स्टेटमेंट (१).पीडीएफ’, ‘स्टेटमेंट फायनल.पीडीएफ’, ‘आयएमजी_४०३१’, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर (२)’. यातली कोणती फाइल तपासून झाली, कोणती क्लायंटने चुकून दोनदा टाकली आणि कोणती कामात धरली, हे नावावरून कळत नाही. उघडल्यावरही बऱ्याचदा कळत नाही.

याच्या खाली आणखी काही गोष्टी दडलेल्या असतात. गूगल ड्राइव्हच्या ‘माय ड्राइव्ह’मधला फोल्डर शेअर केला आणि क्लायंटने त्यात फाइल टाकली, तर त्या फाइलची मालकी क्लायंटकडेच राहते. उद्या त्याने ती डिलीट केली तर तुमच्याकडूनही जाते. संस्थेच्या ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये मालकी संस्थेची असते, पण अनेक कार्यालयांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात आणि कुठला फोल्डर कशात आहे ते कोणी पाहिलेलं नसतं. शिवाय गूगल ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली आनंदाने ठेवून घेतो. ड्रॉपबॉक्सवर दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली, की शेजारी ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ उभी राहते.

परवानग्यांचंही तेच. ‘ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो’ ही सोय पहिल्या दिवशी बरी वाटते. ती लिंक क्लायंटने आपल्या सहकाऱ्याला पाठवली, त्याने तिसऱ्याला, तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. काम संपल्यावर लिंक बंद करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि जे कागद फोल्डरपर्यंत पोचतच नाहीत, त्यांचं वेगळंच. कोणी ईमेलला जोडतं, कोणी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं. ईमेलची तर अंगचीच मर्यादा आहे: जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच जोडता येतं, आणि ईमेलने जाताना फाइलचं रूप बदलून ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १९-२० एमबीची फाइलही अडकू शकते. क्लायंट म्हणतो पाठवली, तुम्ही म्हणता आली नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आधी यादी

कागद-पेन घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा, पण फोल्डर बंद ठेवा. फोल्डर बघून यादी केली तर जे आलंय त्याचीच यादी होते. काम बघून यादी करा: हे काम पुरं करायला नेमके कोणते कागद लागतात?

यादीतल्या प्रत्येक ओळीला आम्ही ‘मागणी’ म्हणतो. एका मागणीत एवढं तरी असावं: कागदाचं नाव, काळ, कुठल्या रूपात चालेल, कशासाठी हवा, कोणी द्यायचा, आणि मुदत. यातलं ‘कशासाठी’ बरेच जण गाळतात. ते गाळू नका. कारण कळलं की क्लायंट स्वतःच योग्य कागद निवडतो. ‘ओळखपत्र’ एवढंच लिहिलं तर हाताला लागेल ते येतं. ‘खातं उघडताना नाव आणि जन्मतारीख जुळवण्यासाठी’ असं लिहिलं, की जन्मतारीख नसलेलं कार्ड तो आपणहून बाजूला ठेवतो.

शब्दरचनेचा फरक जवळून पाहू. ही मागणी वाईट आहे:

‘बँक स्टेटमेंट पाठवा.’

कोणतं खातं, कुठल्या महिन्यांचं, ॲपचा स्क्रीनशॉट चालेल का, सगळी पानं हवीत की पहिलंच? चार प्रश्न उरले, म्हणजे पुढे चार ईमेल ठरलेले. तीच मागणी नीट लिहिली तर:

‘चालू खात्याचं स्टेटमेंट, १ जानेवारी ते ३१ मार्च. बँकेने दिलेली मूळ पीडीएफ, सगळ्या पानांसह. शेवटचं पान कोरं असलं तरी काढू नका. स्क्रीनशॉट चालणार नाही. जमा-खर्च जुळवण्यासाठी हवं आहे.’

लांब आहे, मान्य. पण ही पाच वाक्यं एकदाच लिहायची आणि प्रत्येक क्लायंटला तीच जायची.

एका मागणीत एकच कागद ठेवा. ‘ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा’ अशी जोडगोळी केली, की एक येतो, एक राहतो, आणि ती ओळ ‘आली’ म्हणायची की ‘नाही’ हेच ठरत नाही. याला अपवाद मालिकेचा. बारा महिन्यांच्या बारा पावत्या असतील तर बारा ओळी करून क्लायंटला घाबरवू नका. एकच मागणी ठेवा, बारापर्यंत फाइली घेऊ द्या, आणि तपासणाऱ्याने महिने मोजावेत. मालिकेतला सातवाच महिना हरवलेला असतो, हे ज्याने मोजलंय त्याला ठाऊक आहे.

मग अटी. सगळ्यांकडे सगळं मागायचं नसतं. सुरुवातीला दोन-चार प्रश्न विचारा: भाड्याचं उत्पन्न आहे का? या काळात नवीन कर्ज घेतलं का? पत्ता बदलला का? ‘हो’ म्हटलं तरच त्यामागच्या मागण्या उघडाव्यात. अठरा ओळींची यादी अशी बऱ्याच जणांसाठी दहा-अकरावर येते. यादी पाहिल्या क्षणी आटोक्यातली वाटली तरच क्लायंट त्याच दिवशी बसतो. नाहीतर ‘रविवारी बघू’ होतं.

तरीही काही ओळी चुकीच्या माणसासमोर जाणारच. म्हणून प्रत्येक ओळीला ‘लागू नाही’ असा पर्याय हवा, आणि त्यासोबत कारण लिहायला एक रिकामी जागा. हा पर्याय ठेवला नाही तर लोक पुढे सरकण्यासाठी काहीही टाकतात. कोऱ्या कागदाचा फोटो, तोच कागद पुन्हा, किंवा ‘एनए’ एवढंच लिहिलेली वर्ड फाइल. ‘लागू नाही’ आणि ‘माझ्याकडे नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका बटणात कोंबू नका. पहिल्याने ओळ संपते. दुसऱ्याने तुमचं काम सुरू होतं: दुसरा कागद चालेल का, नक्कल कुठून मिळेल, हे सांगावं लागतं.

रूप, आकार आणि कुलूप

कोणत्या रूपातली फाइल चालेल ते आधीच सांगितलं की कागद परत पाठवायचे निम्मे प्रसंग वाचतात. छापील कागद स्कॅन करायचा तर ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके) पुरे. ए४ पानाची ती साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलची प्रतिमा होते आणि त्यातली अक्षरं संगणकालाही वाचता येतात. फोनवरून द्यायचा असेल तर साध्या कॅमेऱ्याऐवजी स्कॅनची सोय वापरायला सांगा. ती कडा सरळ करते आणि अनेक पानांची एकच पीडीएफ बनवते. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो एचईआयसी रूपात साठवतो, आणि ते बऱ्याच विंडोज संगणकांवर जादा घटक टाकल्याशिवाय उघडत नाहीत. तुमची व्यवस्था ते घेत असेल तर उत्तम. घेत नसेल तर अपलोडच्या वेळीच सांगू द्या, तीन दिवसांनी नको.

पासवर्ड असलेली पीडीएफ हा नेहमीचा खोळंबा. क्लायंटला ती उघडता येते, म्हणून ती बंद आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. काही जण मदत म्हणून फाइलच्या नावातच पासवर्ड घालतात. असं नाव आलं तर लगेच बदला. शक्य असेल तिथे कुलूप काढलेली प्रत मागा. पण डिजिटल सही असलेल्या कागदांना हा नियम लावू नका. अशी पीडीएफ पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली, दुसऱ्या पीडीएफमध्ये जोडली किंवा आकार कमी करायला एखाद्या साइटवर टाकली, तर सही तपासण्याजोगी राहत नाही. उरतं ते सहीचं नुसतं चित्र. तिथे मूळ फाइल जशीच्या तशी हवी.

बाकी कोणाकडे?

टप्पे मोजकेच ठेवा: मागितलं, आलं, परत पाठवलं, मान्य, लागू नाही. दहा-बारा टप्पे करायचा मोह होतो, पण मग ते बदलायचं कोणी, हा वाद होतो आणि आठवड्याभरात पाटी खोटी पडते.

या पाच टप्प्यांतून दोन आकडे सतत दिसले पाहिजेत. एक, क्लायंटकडे किती बाकी: ‘मागितलं’ अधिक ‘परत पाठवलं’. दुसरा, आपल्याकडे किती बाकी: जे आलंय पण कोणी तपासलेलं नाही. हा दुसरा आकडा मांडणं कार्यालयांना आवडत नाही, पण सगळ्यात उपयोगाचा तोच. कागद दहा दिवस ‘आलं’वर पडून राहतो, अकराव्या दिवशी कोणी उघडतं, पान दोन गायब निघतं, आणि मग क्लायंटला ‘तातडीने’ म्हणून फोन जातो. त्याच्या लेखी त्याचं काम केव्हाच झालेलं असतं. आलेला कागद दोन कामाच्या दिवसांत तपासायचा असा नियम करा. खोल तपासणी नको. उघडतो का, पानं पुरी आहेत का, नाव-काळ बरोबर आहे का, एवढंच. एका कागदाला मिनिटभर लागतं.

परत पाठवताना कारण लिहिणं सक्तीचं ठेवा, आणि त्यासाठी तयार वाक्यं करून ठेवा. ‘चुकीचं’ एवढंच लिहून परत गेलेला कागद तसाच्या तसा पुन्हा येतो. ‘पान २ आणि ४ आलेली नाहीत.’ ‘उजवी कडा कापली गेली आहे, आकडे दिसत नाहीत.’ ‘हे फेब्रुवारीचं आहे, मार्चचं हवं.’ ‘फाइल पासवर्ड मागते.’ ‘नाव दुसऱ्या व्यक्तीचं आहे.’ एवढ्या पाचांत बहुतेक परतावे बसतात.

आठवण पाठवायचं काम यंत्रावर सोपवा, पण डोळे मिटून नाही. मुदतीच्या ७ दिवस आधी एक, २ दिवस आधी एक, मुदत उलटल्यावर दुसऱ्या दिवशी एक, आणि त्यानंतर माणसाने फोन करायचा. चौथ्या ईमेलपासून क्लायंट तुमचे ईमेल वाचणं सोडतो. प्रत्येक आठवणीत फक्त त्याच्याकडे बाकी असलेल्या ओळी असाव्यात, नावानिशी. ‘आलं’वर पडलेल्या, म्हणजे तुम्ही न तपासलेल्या कागदासाठी आठवण गेली, तर तो चिडणार आणि त्यात त्याची चूक नाही. नवी व्यवस्था घेताना हे एकदा मुद्दाम तपासून बघा. काही ठिकाणी मान्य होईपर्यंत आठवणी चालूच राहतात.

साधन कोणतं

यावर फार वेळ घालवू नये. वीस-पंचवीस क्लायंट असतील तर एक स्प्रेडशीट आणि फाइल मागायची सोय पुरते. ड्रॉपबॉक्समध्ये ‘फाइल रिक्वेस्ट’ आहे, कार्यालयीन वनड्राइव्हमध्येही तशीच सोय आहे. दोन्हीत पाठवणाऱ्याला खातं लागत नाही आणि इतरांनी काय टाकलं ते त्याला दिसत नाही. गूगल फॉर्म्समध्ये फाइल घेता येते, पण भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावं लागतं. सगळेच क्लायंट त्याला तयार नसतात. संख्या वाढली, एकेकाकडून पंधरा-वीस कागद घ्यायचे असले, की ओळीगणिक टप्पा आणि आठवण सांभाळणारं खास पोर्टल घ्या. १२० क्लायंट आणि प्रत्येकी १८ कागद म्हणजे २,१६० ओळी. एवढ्या ओळी हाताने रंगवत बसणं कोणालाही जमत नाही.

जुन्या फाइलींची मोजदाद

यादी ठरली, आता फोल्डर उघडा. पहिलं काम म्हणजे नोंद. प्रत्येक फाइलची एक ओळ: पूर्ण जुना पत्ता, नाव, आकार, शेवटचा बदल, मालक, आणि एसएचए-२५६ हॅश. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ६४ अक्षरी ठसा. नाव बदललं तरी ठसा बदलत नाही, आत एक अक्षर बदललं तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजवर पॉवरशेलच्या (आज्ञा लिहून काम करायच्या सोयीच्या) ‘गेट-फाइलहॅश’ने तो निघतो. सारख्या ठशाच्या ओळी एकत्र केल्या की ‘फायनल’ आणि ‘फायनल (२)’ एकच आहेत की नाहीत, हे न उघडता कळतं. मात्र एकच कागद दोनदा स्कॅन केला असेल तर ठसे वेगळे येतात. ती दुबार डोळ्यांनीच शोधावी लागते.

जुना पत्ता जपायला विसरू नका. ‘स्कॅन००१’ नावाच्या फाइलला स्वतःचा अर्थ नसतो. ती ‘मार्च’ फोल्डरच्या आतल्या ‘भाडे’ फोल्डरमध्ये आहे, हाच तिचा अर्थ. ती तिथून उचलून नव्या जागी ठेवली आणि पत्ता लिहून ठेवला नाही, तर ती कशाची होती हे पुन्हा कळायचं नाही.

मग तीन ढीग करा. पहिला, चालू काम: हे नव्या यादीतल्या आपापल्या ओळींवर बसवायचं. दुसरा, कायमचे कागद: ओळखपत्र, करारपत्र, नोंदणीचे दाखले. हेही यादीत आणा, ‘मान्य’ म्हणून, आणि ज्यांची मुदत संपते त्यांची तारीख लिहून. हा ढीग आळसाने सोडून दिला तर पहिल्याच फेरीत क्लायंटला पूर्वी दिलेला कागद पुन्हा मागितला जातो, आणि नव्या पद्धतीबद्दलची त्याची खात्री तिथेच उडते. तिसरा ढीग जुन्या कामाचा. तो नव्या व्यवस्थेत आणूच नका. फक्त वाचता येईल असा एका जागी ठेवा, सोबत नोंदीची शीट ठेवा आणि किती वर्षं ठेवायचा ते लिहून टाका. हा तिसरा ढीगच आकाराने सगळ्यात मोठा निघतो.

नावं बदलायची तर एकाच साच्यात: क्लायंट क्रमांक, कागद, काळ, आवृत्ती. ‘०१४२_बँक-स्टेटमेंट_२०२५-०३_आ१’. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची ही मांडणी केली की नावाने लावलेल्या फाइली आपोआप काळानुसार लागतात. नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकित चिन्ह नको. मॅकवर त्यातली काही चालतात, विंडोजवर चालत नाहीत.

क्लायंटच्या आडनावाऐवजी क्रमांक का, याचं मराठीत एक खास कारण आहे. ‘कुऱ्हाडे’ लिहिताना त्यातला अर्धा ऱ काही कीबोर्ड स्वतंत्र अक्षर म्हणून टाकतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिघांतून बनवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधताना मात्र संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटू शकतात, आणि एकाच माणसाचे दोन फोल्डर तयार होतात. क्रमांकाला ही भानगड नाही.

हलवताना

कट-पेस्ट करू नका. कॉपी करा, पडताळा, मगच जुनं बंद करा. विंडोजवर मोठ्या कॉपीसाठी रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करायची आज्ञा) चांगलं, कारण मध्येच तुटलं तर ते पुन्हा प्रयत्न करतं आणि काय गेलं, काय राहिलं याची नोंद ठेवतं. पण त्याचा ‘एमआयआर’ हा पर्याय जपून वापरा. तो दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करतो, म्हणजे मूळ जागी नसलेलं नव्या जागचं सगळं पुसूनही टाकतो.

वेळेचा अंदाज आधी घ्या. २०० जीबी सामान आणि सेकंदाला २० मेगाबिटचा अपलोड वेग असेल, तर एक क्षण न थांबता चाललं तरी २२ तासांच्या वर लागतात. लहान लहान हजारो फाइली असतील तर त्याहून जास्त, कारण प्रत्येक फाइलमागे थोडा वेळ नुसत्या देवाणघेवाणीत जातो.

सगळ्यात फसवी चूक गूगलच्या स्वतःच्या फाइलींची. गूगल डॉक्स किंवा शीट्समधला मजकूर संगणकावर नसतोच. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये दिसते ती काही केबींची चिठ्ठी, जिच्यात मूळ दस्तऐवजाचा फक्त पत्ता असतो. फोल्डर कॉपी केला, फाइलींची संख्या जुळली, सगळे खूश. आणि जुनं खातं बंद केल्यावर कळतं की चिठ्ठ्याच नेल्या, मजकूर मागेच राहिला. असे दस्तऐवज आधी वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढा. त्यात जुन्या आवृत्त्यांचा इतिहास येत नाही. तो लागणार असेल तर मूळ दस्तऐवज आपल्या मालकीच्या खात्यात राहू द्या. वनड्राइव्हमध्येही ‘फक्त ऑनलाइन’ असलेल्या फाइली दिसतात पण डिस्कवर नसतात. कॉपीच्या आधी त्या उतरवून घ्या. ड्राइव्हमधले शॉर्टकट तर निव्वळ बोट दाखवतात, ते कुठे दाखवतात ते वेगळं तपासा.

लांब पत्ते हा विंडोजचा जुना रोग. फोल्डरात फोल्डर करत गेलं की पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे जातो आणि अनेक प्रोग्राम ती फाइल उघडायला किंवा कॉपी करायला नकार देतात. शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हची मर्यादा ४०० आहे. नोंदीच्या शीटमध्ये पत्त्याची लांबी मोजणारा एक रकाना घातला की अशा ओळी आधीच सापडतात.

एक्सेलच्या फाइली एकमेकींना जोडलेल्या असतील तर तेही पाहा. एका वहीतलं सूत्र दुसऱ्या वहीचा पत्ता धरून असतं. जागा बदलली की ते जुनाच आकडा दाखवत राहतं किंवा चूक देतं. ‘जुनाच आकडा’ जास्त वाईट, कारण तो खरा वाटतो.

पडताळणी तीन पायऱ्यांची: संख्या जुळवा, एकूण आकार जुळवा, हॅश जुळवा. शून्य बाइटच्या फाइली वेगळ्या काढा. त्या मुळातच रिकाम्या होत्या की वाटेत रिकाम्या झाल्या, हे नोंदीतून कळेल. ‘थंब्स.डीबी’, ‘डेस्कटॉप.आयएनआय’ या विंडोजने आपोआप बनवलेल्या फाइली आणि ऑफिसच्या तात्पुरत्या फाइली मोजणीतून आधीच वगळा, नाहीतर संख्या कधीच जुळणार नाही.

पाच क्लायंट आधी

सगळ्यांना एकदम नव्या पद्धतीवर आणू नका. पाच निवडा, पण पाचही सोपे नकोत. एक व्यवस्थित माणूस. एक जो फक्त फोनवरून काम करतो. एक जिथे कागद दोन-तीन जणांकडून येतात. इथे कोणत्या ओळी कोणाला दिसाव्यात हा प्रश्न पहिल्यांदाच पडतो. एक ज्याचा फोल्डर सगळ्यात गबाळा आहे. आणि एक जो हमखास उशीर करतो. एक पूर्ण फेरी जाऊ द्या, मागणीपासून मान्यतेपर्यंत. प्रत्येकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवा आणि त्या ओळीचं वाक्य सुधारा.

उरलेल्यांना कामाच्या नव्या फेरीच्या सुरुवातीला आणा. फेरीच्या मध्यात आणलं तर निम्मे कागद इकडे, निम्मे तिकडे, आणि बाकीचा आकडा दोन्हीकडे खोटा.

कळवताना थोडक्यात: ‘यापुढे कागद खालच्या लिंकवर द्यावेत. काय द्यायचं याची यादी तिथे दिसेल. आपण पूर्वी दिलेले कागद आमच्याकडे आहेत, ते पुन्हा द्यायची गरज नाही. जुन्या फोल्डरमध्ये १ तारखेपासून नवीन फाइल टाकता येणार नाही.’ शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची, आणि शेवटचं वाक्य प्रत्यक्षात आणायचं. सूचना लावून भागत नाही. त्या दिवशी परवानगी ‘फक्त पाहता येईल’ अशी बदलायची. वर ‘००_इथे_नवीन_कागद_टाकू_नका’ नावाची फाइल ठेवा, शून्यांमुळे ती यादीत सगळ्यात वर येते.

तरी काही जण ईमेलवरच पाठवतील. पहिल्यांदा तुम्ही स्वतः तो कागद त्याच्या ओळीवर चढवा आणि उत्तरात त्या ओळीची लिंक द्या. रागावून परत पाठवू नका, आणि ईमेलमध्येच पडून राहू देऊ नका. कार्यालयातल्या माणसांकडे जास्त लक्ष द्या. जुन्या सवयीने फाइल फोल्डरमध्ये ‘तात्पुरती’ ठेवणारे तेच असतात.

जुना फोल्डर बंद करताना

एखादी फेरी किंवा ९० दिवस जुना फोल्डर वाचण्यापुरता उघडा ठेवा. लगेच डिलीट करू नका, आणि करायची वेळ आली तरी सिंकचा विचार आधी करा. ज्या ज्या लॅपटॉपवर तो फोल्डर सिंक होतोय, त्या सगळ्यांवरून तो एका क्लिकमध्ये जातो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, ते पुसणंही तितक्याच निष्ठेने पोचवतं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवसच राहते. म्हणून आधी सगळ्या संगणकांवरचं सिंक तोडा, वेगळ्या जागी एक पूर्ण प्रत ठेवा, त्यातल्या दहा-वीस फाइली उघडून बघा, मग सार्वजनिक लिंका बंद करा, मग बाहेरच्या लोकांची नावं काढा, आणि सगळ्यात शेवटी फोल्डर.

नव्या व्यवस्थेतही मान्य झालेले कागद कायमचे पडू देऊ नका. काम संपलं की ते नोंदींच्या ठरलेल्या जागी जावेत आणि गोळा करायची जागा रिकामी व्हावी. नाहीतर दोन वर्षांनी तिथेही ‘नवीन फोल्डर (२)’ उगवतो.

पहिली फेरी झाल्यावर एक शीट काढा: कोणती मागणी किती वेळा परत गेली. एखादी ओळ चारातल्या एकाहून जास्त क्लायंटकडून परत आली असेल, तर दोष मागणीच्या वाक्यात आहे असं धरा. ‘पत्त्याचा पुरावा’ सतत चुकत असेल तर चालणाऱ्या कागदांची नावं लिहा आणि ‘तीन महिन्यांच्या आतला’ हे मागणीच्या पहिल्याच ओळीत आणा. खालच्या टिपेत ते कोणी वाचत नाही.